माउथ ऑर्गन माईकला लावला की स्पीकर शिट्टी का मारतो? आणि ती थांबवायची कशी?

गणपतीतला हा सीन नवी मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीला पाठ आहे. क्लबहाऊसमध्ये खुर्च्या लागल्यात, सेक्रेटरी काका माईक हातात घेतात, "हॅलो, हॅलो, चेक" म्हणतात आणि बोलता बोलता स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभे राहतात.

कुईंऽऽऽऽ!

पोरं कानात बोटं घालतात, साउंडवाला मिक्सरकडे धावतो आणि काका माईकवर टिचकी मारून जाहीर करतात, "माईक खराब आहे."

माईक अजिबात खराब नसतो. तो आपलं काम जरा जास्तच चोख करत असतो, एवढंच.

काकांसाठी हा दोन सेकंदांचा मामला. पण एक जमात अशी आहे की तिच्यासाठी ही शिट्टी म्हणजे अख्ख्या कार्यक्रमाचा प्रश्न असतो. ब्लूज वाजवणारे माउथ ऑर्गनवाले. हे लोक माउथ ऑर्गन आणि माईक दोन्ही एकाच मुठीत धरतात, माईकची वायर गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालतात आणि आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवतात. फीडबॅकसाठी याहून चांगली सोय कुणी ठरवूनही करू शकणार नाही. मग पहिली शिट्टी वाजली की साउंडवाला काय करतो? हार्मोनिकाचा आवाज खाली ओढतो आणि तिथेच ठेवतो. सहा महिने घरात घासलेला सोलो पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही.

म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. माईक, स्पीकर आणि हॉल ज्यांच्या वाट्याला येतो, त्या निवेदकांना आणि भजनी मंडळांनाही यातलं निम्मं उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट. माउथ ऑर्गन आपल्याला नवा नाही. १९५८च्या 'सोलवा साल'मधलं देव आनंदचं ट्रेनमधलं गाणं आठवा, त्यातला माउथ ऑर्गन तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता. १९७५च्या 'शोले'त जय संध्याकाळी वाजवतो ती धून प्रत्यक्षात भानू गुप्ता यांची. पण तिथे शिट्टीचा प्रश्नच नव्हता. स्टुडिओत वाजवणारा माईकसमोर असतो आणि त्या खोलीत आवाज सोडणारा मोठा स्पीकर चालू नसतो. आवाज जातो तो रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे, परत फिरून माईककडे येत नाही. हार्मोनिका तीच, माईकही जवळजवळ तसाच, पण वर्तुळ पूर्ण होत नाही.

वर्तुळ पूर्ण झालं शिकागोत. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सपुढे एवढुशा वाद्याचा निभाव लागेना. लिटल वॉल्टर नावाच्या पोरानं स्वस्तातला माईक हार्मोनिकासकट मुठीत धरला आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. आवाज मोठा तर झालाच, पण पार बदलला. जाड, खरखरीत, सॅक्सोफोनच्या जवळ जाणारा. १२ मे १९५२ला त्यानं 'ज्यूक' ही धून रेकॉर्ड केली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. ती बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत आठ आठवडे पहिल्या नंबरवर राहिली आणि पुढे हा आवाजच ब्लूज हार्मोनिकाची ओळख बनला. आपल्याकडे २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि तेव्हापासून खाडीच्या या बाजूच्या लोकांनाही ब्लूज समोर उभं राहून ऐकता आलं. ऐकलं की वाजवावंसं वाटतं. वाजवलं की शिट्टी.

आता शिट्टीकडे येऊ.

माईक आवाज ऐकतो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो, स्पीकर तो खोलीत सोडतो. त्यातला थोडासा हिस्सा फिरून परत माईकपर्यंत येतो. हा आवाज वाजवणाऱ्याचा की स्पीकरचा, हे माईकला कळायचं काही कारण नाही. तो पुन्हा पुढे पाठवतो. पुन्हा वाढतो, पुन्हा येतो. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन इफेक्ट असंही म्हणतात.

इथे सगळा खेळ टक्क्यांचा आहे. समजा १०० रुपयांचा आवाज एक फेरी मारून ९० होऊन परत आला. पुढच्या फेरीला ८१, मग ७३. विरून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. पण तोच १०० चा ११० होऊन परत आला तर? ते चक्रवाढ व्याज. फरक एवढाच, की बँकेत व्याज वर्षाकाठी लागतं आणि इथे सेकंदाला शेकड्यानं फेऱ्या होतात. आपल्याकडच्या तीस अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर धावतो. स्पीकर दोन मीटरवर असेल तर सेकंदात १७५ फेऱ्या. दर फेरीला दहा टक्के वाढ धरली तर पाव सेकंदात आवाज साठ पटीच्या वर जातो. म्हणूनच शिट्टी हळूहळू येत नाही, अंगावर येते. ती थांबते कुठे? अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपते तिथे.

बरं, शिट्टी एकाच सुरात का वाजते? कारण फेरी मारून आलेली लाट मूळ लाटेच्या पावलाशी पाऊल जुळवून आली तरच बेरीज होते. असे जुळणारे सूर बरेच असतात. त्यातल्या ज्या सुराला माईक, स्पीकर आणि खोली तिघेही झुकतं माप देतात, तो जिंकतो. तुम्ही दोन पावलं सरकलात की दुसराच सूर जिंकू शकतो. 'मघाशी इथेच तर ठीक होतं' याचं उत्तर हे आहे.

गिटारवाल्यांना हा त्रास कमी का? कारण इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची थरथर ऐकतो. त्यांच्याकडे फीडबॅक आला तरी बहुतेकदा तो तारेच्या सुराला धरून येतो, म्हणून ते त्याचं संगीत करू शकतात. बीटल्सनी १९६४ साली 'आय फील फाइन'ची सुरुवातच फीडबॅकनं केली आणि जिमी हेंड्रिक्सनं तर त्याचं वाद्य करून टाकलं. हार्मोनिकाच्या शिट्टीचा मात्र तुमच्या पट्टीशी काही संबंध नसतो. ती फक्त शिट्टी असते.

त्यात हार्मोनिकावाल्याच्या हातात अ‍ॅम्प असतो तो गिटारसाठी बनवलेला. पिकअपमधून येणारा सिग्नल बारीक असतो, म्हणून गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये तो वाढवण्याची भरपूर तयारी ठेवलेली असते. त्यात तुम्ही तोंडाला लावलेल्या माईकचा दणदणीत सिग्नल सोडता. नॉब दोनवर नेला तरी अ‍ॅम्प ओरडायला तयार.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वाजवत असताना शिट्टी सहसा येत नाही. ती येते तुम्ही थांबल्यावर.

कारण असं. ब्लूजवाल्यांना हवा असतो तो फाटलेला आवाज, आणि आवाज फाटतो म्हणजे अ‍ॅम्पची क्षमता संपलेली असते. तुम्ही जोरात फुंकता तेव्हा अ‍ॅम्प आधीच काठोकाठ भरलेला असतो, त्यात आणखी वाढवायला जागा उरत नाही. खोलीतून परत आलेल्या बारीक आवाजाला तिथे कुणी विचारत नाही. तुम्ही ओठ बाजूला केले की अ‍ॅम्प रिकामा होतो आणि समोर येईल तो बारीकसा आवाज पूर्ण ताकदीनं वाढवू लागतो. त्या वेळी समोर येतं काय? त्याच्याच स्पीकरचा आवाज. गायक गायला लागतो, तुम्ही हात खाली घेता, माईक थेट स्पीकरकडे तोंड करतो आणि गाण्याच्या पहिल्या ओळीवर तुमची शिट्टी.

याचा उपाय फार महाग नाही. माईकवरच किंवा माईकच्या वायरमध्ये व्हॉल्यूमचा छोटा नॉब असतो, नसला तर बसवून मिळतो. वाजवून झालं की पहिलं काम तो बंद करायचा, मग हात खाली घ्यायचा. जुने वाजवणारे हे करंगळीनं करतात, तुमच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते नवीन अ‍ॅम्पचा विचार करण्याआधी पंधरा दिवस फक्त ही एक सवय लावून बघावी.

दुसरी गोष्ट हातांची. माउथ ऑर्गन डाव्या हातात, माईक उजव्या हाताच्या आधारानं त्याच्या मागे आणि दोन्ही तळव्यांची मिळून बंद ओंजळ. पाणी प्यायलो तर थेंब गळणार नाही इतकी घट्ट. या ओंजळीचे दोन फायदे. एक म्हणजे आतला आवाज जाड होतो. दुसरा फीडबॅकच्या कामाचा: माईकला हार्मोनिका खूप मोठी ऐकू येते आणि खोली खूप बारीक. फीडबॅकशी चाललेली लढाई शेवटी याच प्रमाणाची आहे. माईकपाशी तुमचा आवाज किती आणि स्पीकरचा किती. नॉब फिरवून हे प्रमाण बदलत नाही, कारण नॉब दोघांनाही सारखंच वाढवतो. ओंजळ मात्र ते बदलते.

पण ओंजळीत एक गोमही आहे. स्टेजवर गायकांसाठी वापरतात ते माईक, उदाहरणार्थ शुअरचा एसएम ५८, समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी ऐकतात. ही निवड ते करतात जाळीच्या आत, मागच्या बाजूनं हवा येण्यासाठी ठेवलेल्या वाटांमुळे. जाळी मुठीत आवळली की त्या वाटा बंद, आणि माईक सगळीकडचं ऐकायला लागतो. जाळीला गच्च धरून रॅप करणाऱ्या पोरांचा माईक किंचाळतो तो याच कारणानं. हार्मोनिकावाल्याची ओंजळ गळकी असेल तर त्याला दोन्हीकडून तोटा होतो. मागचा आवाज टाळण्याची माईकची शक्ती गेली आणि खोलीही आत शिरली. म्हणजे ओंजळ एक तर पूर्ण बंद हवी, नाही तर माईक स्टँडवर ठेवून लांबून वाजवलेलं बरं. अर्धवट काही नको. सुरुवात करणाऱ्यानं पहिले दोन-चार कार्यक्रम गायकाच्या माईकवर, हात मोकळे ठेवूनच वाजवावेत. आवाज फाटलेला येणार नाही, पण येईल तरी.

उभं कुठे राहायचं? मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याचा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परत येत असल्यानं फायदा त्याहून कमी मिळतो, पण मिळतो. अ‍ॅम्प पाठीमागे असेल तर तुमचं शरीरच मधली भिंत होतं, बारीक किनऱ्या आवाजांना तरी नक्की अडवतं. अडचण तेव्हा होते जेव्हा तुम्ही ड्रमरकडे बघायला वळता. वळलात की माईक अ‍ॅम्पच्या तोंडावर. म्हणून अ‍ॅम्प थोडा बाजूला, ड्रमरच्या विरुद्ध अंगाला ठेवावा. कोपऱ्यात ढकलू नये, कोपरा खालचे सूर फुगवतो.

हॉलच्या स्पीकरचा नियम वेगळा. ते माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. नाट्यगृहात ते तसे बसवलेलेच असतात. (वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा माईकच नव्हता, त्यामुळे शिट्टीही नव्हती. असो.) सोसायटीच्या हॉलमध्ये मात्र स्पीकर जिथे प्लग तिथे लागतो, बहुतेकदा माईकच्या मागे. वर गुळगुळीत टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंती. आवाज मरायला जागाच नाही.

आता अ‍ॅम्पचे नॉब. ट्रेबल खाली आणा, प्रेझेन्स असेल तर शून्यावर न्या. हार्मोनिकाला वरच्या टोकाची फारशी गरज नसते. दोन इनपुट असतील तर कमी ताकदीचा वापरा. फेंडरच्या धाटणीच्या कित्येक अ‍ॅम्पमध्ये दुसरा इनपुट पहिल्यापेक्षा ६ डेसिबल कमी सिग्नल आत घेतो. डिले आणि रिव्हर्ब जपून, कारण ते तुमच्या आवाजाच्या जास्तीच्या प्रती खोलीत सोडतात.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर आणखी एक जुनी युक्ती आहे. पहिल्या टप्प्यात सहसा १२एएक्स७ नावाचा व्हॉल्व्ह असतो, त्याचा वाढवण्याचा आकडा १००. त्याच खोबणीत १२एवाय७ बसतो, त्याचा आकडा चाळीसच्या आसपास, आणि १२एयू७ चा वीसच्या घरात. व्हॉल्व्ह बदलला की नॉब जास्त फिरवता येतो आणि शिट्टी दूर जाते. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून आणि व्हॉल्व्ह गार झाल्यावरच हात लावायचा. आतली पेटी उघडायची नाही, तिथे प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

मोठा अ‍ॅम्प म्हणजे मोठा आवाज, हा समज इथे उलटा पडतो. १९५९ सालचा फेंडर बासमन हार्मोनिकावाल्यांचा देव मानला जातो हे खरं, पण तो फाटायला लागेपर्यंत अख्खा हॉल बधिर होईल. पाच वॅटचा छोटा अ‍ॅम्प कमी आवाजातच फाटतो. त्याच्यासमोर एक माईक लावून तो आवाज हॉलच्या स्पीकरला द्यायचा. रंग छोट्या अ‍ॅम्पचा, मोठेपणा हॉलच्या सिस्टिमचा. तुमच्या हातातल्या माईकजवळ मात्र स्पीकरचा आवाज बेतानंच.

कमी आवाजाचं महत्त्व कानांसाठीही आहे. रोज आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरली जाते, आणि १०० डेसिबलला तीच मर्यादा पंधरा मिनिटांवर येते. बेडरूममध्ये अ‍ॅम्प लावून रियाज करणाऱ्यानं हा हिशेब डोक्यात ठेवावा. शेजाऱ्यांचा हिशेब वेगळा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. शिवाय लांबलेली तीव्र शिट्टी स्पीकरचा वरच्या सुरांचा भाग जाळूही शकते, आणि भाड्याच्या सामानाचं बिल कुणाच्या नावावर येतं ते तुम्हाला माहीत आहेच.

फीडबॅक मारणारी यंत्रंही मिळतात. एक प्रकार शिट्टीचा सूर शोधून तेवढाच कापतो. एक-दोन सूर कापले तर ठीक, आठ-दहा कापले तर आवाजाची चाळण होते. दुसरा प्रकार तुम्ही थांबलात की दार बंद करतो, म्हणजे करंगळीचं काम विजेवर. कामाची वस्तू आहे, पण उभं राहायची जागा आणि ओंजळ चुकलेली असेल तर यंत्र किती पुरणार?

माईकच्या खरेदीत मात्र लोक हमखास फसतात. जुन्या फोटोंत दिसतो तो बुलेट माईक, गोळीच्या आकाराचा, मूळचा संदेश देण्याघेण्याच्या कामाचा. दिसायला झकास, ओंजळीत बसायला नेमका. पण तो जन्मतःच चारही दिशांचं ऐकतो, त्यामुळे शिट्टीच्या बाबतीत तो सोपा नाही, अवघड आहे. त्यातल्या जुन्या प्रकारात रोशेल मीठ नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे दोन वैरी. आपल्या पावसाळ्यात तो मऊ पडतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर कायमचा जातो. ऑनलाइन हौसेनं जुना मागवण्यापेक्षा शुअर एसएम ५७ किंवा ५४५सारखा साधा डायनॅमिक माईक घ्यावा. त्याला गिटार अ‍ॅम्पला जोडताना मध्ये एक छोटा इम्पीडन्स ट्रान्सफॉर्मर लागतो, एवढं लक्षात ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी पोचा. जिथे उभे राहणार तिथेच उभे राहून, वाजवताना धरता तसाच माईक धरून, पण न वाजवता, अ‍ॅम्प हळूहळू वाढवा. घुमायला लागला की तिथून थोडा मागे घ्या. मग ओंजळ उघडून बघा, दोन्ही बाजूंना वळून बघा. कुठे ओरडतो ते कळलं की जमिनीवर टेपची खूण करा आणि त्या बाजूला जाऊ नका. रिकामा हॉल जास्त घुमतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि अंगं बराच आवाज शोषतात, त्यामुळे टेस्टच्या वेळी काठावर असलेली गोष्ट कार्यक्रमात बरेचदा निभावते.

आणि साउंडवाल्याशी आधीच बोला. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात. स्टेजवर पायाशी ठेवतात त्या मॉनिटरमध्ये हार्मोनिका देऊ नका, मला मागच्या अ‍ॅम्पमधून ऐकू येतंय. कुणी वापरत नसलेले माईक बंद ठेवा, कारण चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची मोकळी जागा ३ डेसिबलनं आक्रसते. आणि शिट्टी आलीच तर माझा आवाज शून्यावर नेऊ नका, मला हात करा. माझ्या हातात नॉब आहे, मी खाली घेतो.